क्रमशःला सांगायचा निरोप

काल भावाकडे गेले तेव्हा वेशीपासूनच हळद शिजल्याचा वास आला. हल्ली हळद शिजवायच्या त्या मोठाल्या काहिली गेल्या. आता ट्रॅक्टरमागे वाफेची टाकी येते, सूं सूं करते आणि दुपारच्या आत एकाचं शेत उरकून दुसऱ्याच्या बांधावर जाऊन उभी राहते. वास मात्र तोच आहे, ओल्या मुळीचा, कडवट, घशाशी बसणारा. गावातल्या लोकांना तो आवडतो. त्यांना सुगी आठवते, लग्नं आठवतात. माझं तसं नाही. पन्नास वर्षं झाली, केस पांढरे झाले, नातवंडं झाली, तरी कुठे हळद शिजायला लागली की मी आधी विहिरीकडे बघते.

त्या वर्षी आमच्या परड्यात काहिलीखाली उसाचं पाचट जळत होतं, आबा घामाघूम होऊन हळकुंडं उपसत होते, आणि ओसरीवर दादा भिंतीकडे तोंड करून बसलेला होता. तोंड भिंतीकडे आहे की रस्त्याकडे, यानं त्याला काही फरक पडत नव्हता. लढाई संपून सव्वा वर्ष झालं होतं. पलटणीत असताना सुरुंग फुटला तेव्हा बाकीचं अंग शाबूत राहिलं आणि डोळे गेले. पुण्याच्या दवाखान्यात आई आणि मी पाच महिने त्याच्या उशाशी होतो. तिथे तो कण्हायचा, शिव्या द्यायचा, डॉक्टरांशी भांडायचा. घरी आल्यावर ते सगळं बंद झालं. दोन घास खायचा, पाण्याचा तांब्या चाचपडून उचलायचा आणि बसून राहायचा. चोवीस वर्षांचा होता.

एकच गोष्ट तो मागायचा. ‘सुमे, हैबती आण.’

हैबती म्हणजे आमच्या एका चित्रकथेतला शिलेदार. पुण्याहून एक मासिक निघायचं, पातळ, दोन पिनांचं, छपाई अशी की घोड्याचा तांबडा रंग त्याच्या अंगाबाहेर बोटभर सांडलेला असायचा. कराडच्या एस्टी स्टँडवरच्या स्टॉलवर ते यायचं. दादा आणि मी त्याच्यापायी वेडे होतो. तो पलटणीत गेल्यावर मी दर महिन्याला अंक आधी वाचायची आणि मग त्याला टपालानं धाडायची. वाचून झाला की समासात काहीतरी खरडून तो अंक पेटीत ठेवायचा, सुट्टीला येताना सगळे घेऊन यायचा. हैबतीची गोष्ट बारा भागांची होती, असं पहिल्याच अंकात छापलेलं होतं. गडाखालच्या भुयारात कैद केलेल्या आपल्या भावाला शोधायला तो उतरतो, आणि अकराव्या भागाच्या शेवटी त्याची मशाल विझते. ते शेवटचं पान अख्खं काळं होतं. चित्रकारानं एक रेघसुद्धा काढली नव्हती. मधोमध एक पांढरा फुगा, त्यात ‘कोण आहे तिकडे?’ आणि खाली कोपऱ्यात ‘क्रमशः’.

तो अकरावा अंक दादाला लढाईच्या तोंडावर मिळाला. सुरुंगाच्या आदल्या दिवशी त्यानं वाचला. त्याची काळी पेटी घरी आली तेव्हा तिच्यात तो अंक सगळ्यांत वर होता आणि समासात पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘सुमे, बारावा लवकर धाड.’

बारावा मी धाडू शकले नाही. तो निघाला तेव्हा आम्ही दवाखान्यात होतो. परत येऊन स्टॉलवर विचारलं तर मालक म्हणाला, ‘चार आलते, चार गेले. आता मासिकच बंद पडलंय.’ मी पुण्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं. ते ‘घेणारा नाही’ असा शेरा घेऊन परत आलं.

मग मी त्याला पहिले अकरा वाचून दाखवायला लागले. चित्रकथा आंधळ्या माणसाला वाचून दाखवायची म्हणजे काय ते करून बघावं लागतं. फुग्यातलं वाचून भागत नाही. ‘खोगीर कसल्या रंगाचं हाय?’ तो विचारायचा. ‘हिरवं.’ ‘मागल्या पानावर तांबडं व्हतं.’ मी बघायची, तर खरंच तांबडं असायचं. कॉलेजातून आल्यावर रोज एक अंक. अकरा झाले की पुन्हा पहिला. अकराव्याच्या शेवटच्या पानाशी आलं की मी अडखळायची.

‘इथं समदं काळं हाय, दादा.’

‘ठावं हाय. तेवढं एकच पान मला अजून दिसतंय,’ तो म्हणायचा.

आमच्या आईला या सगळ्यात एकच माणूस ओळखीचा होता, तो म्हणजे क्रमशः. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात ती अक्षरं लावायला शिकली होती. तिच्या लेखी वाचायचा कागद म्हणजे पत्र, आणि पत्राच्या तळाला लिहिणाऱ्याचं नाव असतं. दर अंकाच्या तळाला तिला तेच नाव दिसायचं. एकदा तिनं मला विचारलं, ‘ह्यो क्रमशः कुठला गं? आडनाव काय त्याचं?’ दादा तेव्हा डोळस होता, सुट्टीवर आलेला. तो हसून हसून जमिनीवर लोळला आणि म्हणाला, ‘आये, पुण्याचा हाय. लय मोठा माणूस.’ तेव्हापासून आमच्या घरात क्रमशः नांदायला लागला. ताटात भाकरी उरली की क्रमशः. आबांची विडी अर्धी विझली की क्रमशः. आईचा गैरसमज कुणीच दूर केला नाही, आणि नंतर तो दूर करायची वेळच राहिली नाही.

त्या फाल्गुनात एके दुपारी हैबतीचा तिसरा अंक वाचताना दादा मध्येच म्हणाला, ‘सुमे, शेवट काय झाला तेवढा कळला का मी मोकळा. मग माझं हितं काय काम न्हाई.’

ज्या सुरात माणूस ‘पाऊस येईल’ म्हणतो त्या सुरात तो हे म्हणाला. मी पुढचं वाचू लागले. चुलीपुढे आई बसलेली होती, तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती म्हैस गोठ्यात बांधेना. ओसरीवरून विहिरीकडे जी पायवाट जाते तिच्या मधोमध खुंटी ठोकून तिनं म्हैस तिथे आडवी बांधली. आबांनी विचारलं, ‘ही का हितं?’ आई म्हणाली, ‘सावली हाय.’ तिथे सावली नव्हती. आबांनी एकदा म्हशीकडे पाहिलं, एकदा दादाकडे, आणि मुकाट्यानं काहिलीखाली पाचट सारायला गेले.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि त्या दिवसांत माझी काय गत झाली होती ते आज सांगतानाही जीव घाबरा होतो. बारावा अंक मिळाला नाही तर तो वाट बघून बघून खंगणार, आणि मिळाला तर मोकळा होणार. मला तो अंक हवा होता आणि मला त्या अंकाची भीती वाटत होती. परीक्षा नऊ दिवसांवर आलेली, अर्थशास्त्राची वही उघडली की अक्षरं मुंग्यांसारखी निघून जायची. देवळात गेले तरी काय मागावं ते ठरेना. आईशी बोलायची सोय नव्हती. एकदा बोललं की ते खरं होईल, असं दोघींनाही वाटत असावं.

अशात कराडच्या स्टॉलवर एक हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला दिसला. सांगलीत शनिवार-रविवार चित्रकथाप्रेमींचा मेळावा, आपापले अंक घेऊन या, विक्री नाही, फक्त अदलाबदल. घरी येऊन मी सांगितलं. दादानं कित्येक दिवसांनी माझ्या दिशेनं तोंड फिरवलं. ‘जा,’ म्हणाला. ‘बारावा घिऊनच ये.’

निघताना आई एस्टीपर्यंत आली. भाकरीचं फडकं माझ्या पिशवीत कोंबत म्हणाली, ‘तिथं त्यो क्रमशः आला आसंल का गं?’

गाडी आली होती.

‘आला आसला तर गाठ त्याला. म्हणावं, आमच्या आईनं निरोप धाडलाय. आमच्या पोरासाठनं लिव्हीत ऱ्हा म्हणावं. थांबू नगं, पाया पडतो.’ आणि माझी आई, जी आबांच्या मरणातसुद्धा पुढे माणसांत रडली नाही, ती त्या स्टँडवर पदर तोंडात घालून उभी राहिली. ‘व्हय गं आई, सांगते,’ एवढंच मी म्हणाले आणि गाडीत चढले.

सांगलीत गावभागात मावशी राहायची, तिच्याकडे पिशवी टाकली आणि मेळाव्याला गेले. पेठेतल्या एका अडत्याची वखार होती. नवी हळद भरायला अजून आठवडा होता, म्हणून अडत्याच्या धाकट्या मुलानं ती दोन दिवसांसाठी बापाकडून मागून घेतली होती. रिकामी म्हणायची, पण गेल्या सालची हळद जमिनीवर, भिंतींवर, तुळयांवर होतीच. जो आत शिरेल तो पिवळा. पोत्यांवर अंक मांडलेले, त्यांच्यापुढे माणसं मांडी घालून बसलेली. कारकून होते, मास्तर होते, कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजची चारपाच मुलं होती, जतकडचा एक धनगर गडी होता, ज्याला वाचता येत नव्हतं आणि जो फक्त घोडे बघायला आला होता. प्रत्येकाच्या छातीला टाचणीनं कागद लावलेला आणि त्यावर स्वतःच्या नावाऐवजी आवडत्या नायकाचं नाव. बायांत मी एकटी. दारावरच्यानं विचारलं, ‘कुणाला बोलवायला आलाय, ताई?’ मी म्हटलं, ‘कुणाला न्हाई. मी आलेय.’ त्यानं कागद पुढे केला. मी त्यावर ‘हैबती’ लिहिलं.

एखाद्या बऱ्या वर्षी आले असते तर ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस ठरले असते. घोडा कुणाचा चांगला यावरून दोन मास्तर हमरीतुमरीवर आले होते. कुणीतरी एकच चौकट दाखवायचं आणि बाकीच्यांनी गोष्ट ओळखायची. माझ्यासारखी माणसं जगात आहेत हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्यांच्यापैकी एकाशीही धड बोलता आलं नाही. एका पोत्यापासून दुसऱ्या पोत्यापर्यंत मी एकच प्रश्न विचारत फिरले. ‘हैबतीचा बारावा हाय का?’ न्हाई. न्हाई. व्हता, गेला. शनिवार असा संपला. मावशीच्या घरी मी जेवले नाही.

रविवारी दुपारी माझ्या छातीवरचा कागद वाचून एक माणूस आपण होऊन पुढे आला. चाळिशीचा, गळ्यात मोजपट्टी तशीच. तासगावला शिवणकाम करायचे, नाव विष्णू. त्यांनी आपले अंक काळ्या दोऱ्यानं शिवून जाड पुठ्ठ्यात बांधले होते.

‘ताई, तुमच्यापाशी अकरावा हाय म्हणं?’

‘हाय. तुमच्यापाशी बारावा?’

‘हाय की. माझ्यापाशी समदे हायत, एक अकराव्याबिगर. वरीस उलटून गेलं, झोप न्हाई बघा. त्यो उजेडात येतोय ते मला ठावं हाय, पर अंधारात कवा गेला तेच मी बघितलं न्हाई.’

आम्ही शेजारी शेजारी पोत्यावर बसलो. मी त्यांना अकरावा दिला, त्यांनी मला बारावा. पहिलं पान उलटायच्या घाईत कोपरा फाटला. मी माफी मागितली, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

हैबतीला त्याचा भाऊ सापडतो. दोघं चाचपडत चालतात. मग एक फट दिसते, मग झरोका, आणि शेवटचं पान. अकराव्याचं पान जेवढं काळं होतं तेवढं ते उजेडाचं होतं. सबंध पानभर सूर्य, खाली कृष्णेसारखी नदी, कडेला ते दोघे. फुग्यात लिहिलं होतं, ‘दिसतंय, दादा. सगळं दिसतंय.’ आणि कोपऱ्यात, जिथे दर अंकाला क्रमशः बसायचा, तिथे ‘समाप्त’.

मी ते किती वेळ बघत बसले कोण जाणे. हे मी घरी नेऊन वाचायचं होतं. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माझ्या दादाला मी सांगायचं होतं की हैबतीला दिसलं. आणि मग खालचा शब्द वाचायचा होता. मला रडू आलं नाही. मला त्या चित्रकाराचा, त्या मासिकाचा, त्या सूर्याचा असा संताप आला की अंक फाडून टाकावासा वाटला. अख्ख्या वखारीत माणसं हसत होती, अंक बदलत होती, आणि माझ्या मांडीवर माझ्या भावाचं मरण उघडं पडलेलं होतं.

विष्णूकाका अकराव्याच्या काळ्या पानावर थांबले होते. समासातली पेन्सिल त्यांनी वाचली. ‘सुमे म्हंजे तुमी?’

मी सांगितलं. सगळं सांगितलं, म्हशीचंसुद्धा. आईला जे बोलता आलं नाही ते मी तासगावच्या एका परक्या शिंप्याला सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी पुठ्ठ्यातल्या बांधणीचा दोरा दातानं तोडला, बारावा अंक सुटा केला आणि माझ्यापुढे धरला.

‘न्या. तुमचा अकरावा ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. न्या ह्यो.’

‘नगं, काका.’

‘आवं, ह्याच्यासाठनंच आलाव न्हवं?’

‘व्हय. पर ह्यो गावलाच न्हाई मला. कुणी इचारलं तर तसं सांगा.’

त्यांनी अंक हळूच मागे घेतला. दुसऱ्या क्षणी काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा पिवळा पंजा माझ्या केसांवर उमटला होता, तो मावशीनं संध्याकाळी दाखवला तेव्हा कळलं.

घरी पोचले तेव्हा आई म्हशीला पाणी दाखवत होती. बादली खाली ठेवून ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

‘भेटला का क्रमशः?’

मी म्हटलं, ‘भेटला.’

‘निरोप सांगितलास?’

‘सांगितला. लिव्हीन म्हणाला. थांबत न्हाई म्हणाला.’

आईनं बादली उचलली. तिला खरं काय ते कधी कळलं की नाही, मला आजवर माहीत नाही.

मी हातपाय न धुता ओसरीवर गेले, पिशवीतून हाताला आली ती अर्थशास्त्राची वही काढली आणि दादापाशी बसून वाचायला लागले. बारावा भाग. अंधारात हैबतीला उत्तर येतं. कुणीतरी हसतं. त्याच्या पायाला पाणी लागतं, आणि त्या पाण्याखाली एक दार आहे. मी कुठून आणत होते देव जाणे. तासभर वाचलं. दार उघडायच्या बेताला आलं आणि मी थांबले. दादा म्हणाला, ‘संपली?’

‘न्हाई. मासिकवाल्यानी वाढवलीय. खाली क्रमशः लिव्हलंय.’

तो म्हणाला, ‘भाकरी हाय का काय?’

परीक्षेत मी नापास झाले. अर्थशास्त्रात. त्या वहीतून मी तीन वर्षं हैबती वाचला. रोज भीती वाटायची की आज काही सुचलं नाही तर काय. विहिरीला पाणी आणायला जाताना, मास्तरीणबाई झाल्यावर वर्गात पाढे घेताना, लग्न ठरल्यावर हळद लागताना, डोक्यात एकच, उद्या त्याला कुठल्या दारापाशी उभा करू. सासर चार मैलांवर होतं, रोज संध्याकाळी यायची. मधल्या काळात दादा एका लष्करी माणसाकडून गिरणीचं काम शिकला. पीठ चिमटीत धरून तो सांगायचा, जातं किती घट्ट करायचं ते. एका संध्याकाळी मी वही उघडली तर म्हणाला, ‘आज ऱ्हाऊ दे सुमे, गिरणीवर गर्दी हाय.’ दुसऱ्या दिवशीही गर्दी होती. गोष्ट तिथेच राहिली. म्हैस त्याच्या आधीच कधीतरी आईनं गोठ्यात नेली होती.

काल त्याच ओसरीवर आम्ही दोघं बसलो होतो. आई नाही, आबा नाहीत. दादा पंचाहत्तरीचा झाला. पलीकडच्या शेतात वाफेची टाकी सूं सूं करत होती. तो वास घेत बसला होता, आणि मध्येच म्हणाला,

‘सुमे, बाराव्याचं शेवटचं पान कसं व्हतं गं?’

‘कुठला बारावा?’

‘सांगलीत वाचलास त्यो. मला कवा वाचला न्हाईस त्यो.’

‘तुला कुणी सांगितलं?’

‘कुणी कशाला सांगायला पायजे? अकरा अंक वाचलेस तवा पानं वाजायची. बारावा वाचलास तासभर, एक पान वाजलं न्हाई. उलटायलाच इसरायचीस. आन अंक गावलाच नसता तर सरळ तसं सांगितलं आसतंस.’

‘पहिल्या दिवसापासनं ठावं व्हतं?’

‘पहिल्या दिशी.’

‘मग तीन वर्षं बोलला का न्हाईस?’

‘बोललो आसतो तर तू गप बसली आसतीस.’

त्यानं बाजूला चाचपडून पाहिलं. तिथे सकाळचा पेपर पडला होता. तो उचलून त्यानं माझ्या कानापाशी धरला आणि त्याचं एक पान उलटलं, चांगलं वाजवून.

‘हां,’ तो म्हणाला. ‘सांग आता.’